वाचून झाल्यावर काय? गोष्टींच्या पुस्तकांतून घरी शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका आईने विचारलंय: मुलगी ११ वर्षांची, इंग्रजी माध्यमातून पाचवी झालेली. मुलगा ७ वर्षांचा. जूनपासून दोघांना शाळेतून काढून चांगलं साहित्य वाचत वाचत घरीच शिकवायचं मनात आहे. पुस्तकांची यादी द्या, रोज किती पानं वाचायची ते सांगा आणि दहावीचं काय होईल तेही सांगा. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे: घरात सगळे मराठीच बोलतात, मुलगी इंग्रजी कादंबऱ्या फडशा पाडल्यासारख्या वाचते, पण मराठी पुस्तक हातात दिलं की बाजूला ठेवते.

ताई, यादी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अप्पा बळवंत चौकात एक दुपार घालवलीत तर दोन वर्षं पुरतील इतकी पुस्तकं मिळतील. अवघड आहे ती पुस्तक मिटल्यानंतरची दहा मिनिटं. घरशिक्षण बहुतेक घरांत पुस्तकांअभावी अडत नाही. मूल वाचतं, आईबाबा खूश होतात, दुसरं पुस्तक देतात, आणि सहा महिन्यांनी लक्षात येतं की मुलाने चाळीस पुस्तकं वाचली, पण एकाबद्दलही सलग पाच वाक्यं बोलता येत नाहीत. म्हणून मी ‘किती पानं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘वाचलेलं मुलात मुरतं कसं’ इथून सुरुवात करते. तुम्ही सहज लिहून गेलात ती मराठीची गोष्टही माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. तिच्याकडे येतेच.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. दिवसाचे किमान तीन तास घरातलं एक मोठं माणूस दुसरं काही न करता मुलांसोबत बसू शकतं का? लॅपटॉपवर मीटिंग चालू ठेवून हे होत नाही. मुलीला स्वतःला शाळा सोडायची आहे का? अकराव्या वर्षी मैत्रिणी हा आयुष्याचा मोठा भाग असतो, आणि तिचं मन नसेल तर उत्तम पुस्तकही शिक्षा वाटेल. धाकट्याला अक्षरं ओळखायला, ओळ धरून वाचायला वयाच्या मानाने फारच कष्ट पडत असतील तर अधिक पुस्तकं हा त्यावर उपाय नाही. आधी तज्ज्ञांकडून वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. अशा मुलांना ऐकून शिकवणं फार चांगलं लागू पडतं, पण वाचनाची अडचण स्वतंत्रपणेच हाताळावी लागते.

आता मुख्य पद्धत. साहित्यातून शिकवण्याच्या पद्धतीला शिस्त दिली ती शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी (१८४२–१९२३). त्यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे एकदाच वाचायचं आणि मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. आपल्याकडे हे नवं नाही. कीर्तनाहून परत आल्यावर आजी नातवंडांना आख्यान सांगायची, ती हेच करत होती. सांगताना मुलाला घटनांचा क्रम लावावा लागतो, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं करावं लागतं, शब्द शोधावे लागतात. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहिताना यातलं फारसं काही लागत नाही, कारण प्रश्नानेच निम्मं काम करून ठेवलेलं असतं.

सात वर्षांच्या मुलाला एका वेळी ३०० ते ४०० शब्दच वाचून दाखवा. सावकाश वाचलं तर तीन-चार मिनिटं लागतात. मजेशीर जागी थांबा, पुस्तक मिटा आणि म्हणा, “आता मला सांग.” एवढंच. मग गप्प बसा. पंधरा सेकंदांची शांतता मोठ्यांना असह्य होते आणि आपण “तो मुलगा कुठे गेला होता रे?” असं सुचवायला लागतो. तिथेच सगळं बिघडतं, कारण मूल सांगायचं सोडून आपल्या प्रश्नांची वाट बघायला शिकतं. चुकलं तरी मध्ये बोलू नका. नाव चुकलं, क्रम उलटा झाला, चालेल. त्याचं संपल्यावर एखादीच दुरुस्ती करा, तीही दुसऱ्या दिवशी पुढचा भाग वाचण्याआधी “काल आपण इथे होतो” म्हणत बेमालूम.

“मला काहीच आठवत नाही” हे पहिल्या पंधरवड्यात हमखास ऐकू येतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: तुकडा मोठा झालेला असतो. तो निम्मा करा. तरी जमलं नाही तर फक्त शेवटचा प्रसंग विचारा, किंवा आधी चित्र काढायला सांगा आणि मग चित्राबद्दल बोलायला लावा. काही मुलं शब्दन् शब्द परत म्हणतात. सुरुवातीला ते चालू द्या, महिन्या-दीड महिन्यात त्यांचे स्वतःचे शब्द येतात. “छान होती गोष्ट” हे मात्र सांगणं नाही, मत आहे. ते ऐकून हसा आणि पुन्हा म्हणा, “हो ना, काय झालं त्यात?” आणि प्रत्येक गोष्टीनंतर “यातून आपण काय शिकलो?” कृपा करून विचारू नका. या एका प्रश्नाने मराठी घरांतली जितकी मुलं वाचनापासून दूर गेली आहेत तितकी मोबाइलने गेली नसतील, असं मला मनापासून वाटतं.

अकरा वर्षांच्या मुलीसाठी तुकडा मोठा, ८ ते १० पानांचा, आणि तो तिने स्वतः वाचायचा. सांगणं रोज तोंडी, आठवड्यातून दोनदाच लेखी. लेखी म्हणजे वहीचं एक पान, पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. दहाव्या वर्षाच्या आधी लेखी मागू नका. बोटांचा वेग आणि विचारांचा वेग जुळत नाही, आणि मूल लिहायला सोपं तेवढंच सांगायला लागतं. दोघांचंही एकेक सांगणं महिन्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून तारखेनिशी जपून ठेवा. प्रगती मोजायला याहून प्रामाणिक साधन नाही.

आता मराठी. तुमची मुलगी मराठी बोलते, इंग्रजी वाचते. म्हणजे तिच्यासाठी दोन वेगळे जिने आहेत, आणि दोन्हींवर ती एकाच पायरीवर नाही. इंग्रजीत ती वयाच्या पुढे असेल, मराठीत दोन-तीन वर्षं मागे. तिला तिच्या वयाचं मराठी पुस्तक दिलं की तिचा वेग अचानक पडतो, तिला तो अपमान वाटतो आणि ती पुस्तक बाजूला ठेवते. आळस अजिबात नाही तो. आधी अडतं कुठे ते पाहा. एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘र’ची रूपं ऐका: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर. इंग्रजी माध्यमाची मुलं बहुधा याच चार ठिकाणी अडखळतात. दुसरी जागा म्हणजे दोन उच्चारांचा च आणि ज: ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा जरा लिहायला एकच. बोलताना तिला फरक ठाऊक असतो, वाचताना मात्र ती अंदाज बांधत असते. तीन आठवडे रोज दहा मिनिटं फक्त जोडाक्षरांसाठी द्या. शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नका, विनोदी उतारा घेऊन दोघी आळीपाळीने एकेक परिच्छेद वाचा.

पुस्तक कोणत्या पायरीचं आहे हे ठरवायला पाच बोटांची युक्ती पुरते. मधलं कुठलंही पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पानाच्या शेवटापर्यंत पाचही बोटं उघडली तर ते पुस्तक तिने एकटीने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. मुलं ऐकून समजतात ते स्वतः वाचून समजतात त्याच्या बरंच पुढे असतं. म्हणून घरात नेहमी दोन मराठी पुस्तकं चालू ठेवा: एक तुम्ही वाचून दाखवत असलेलं वरच्या पायरीचं, एक तिचं स्वतःचं सोपं.

सोप्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. वाक्यं छोटी, घटना भराभर, आणि फुरसुंगीचा हा बनेश सायकलवरून जिथे फिरतो ते पुणे तिच्या ओळखीचं. कथेत पुण्यातली जागा आली की नकाशावर खूण करायला सांगा, तिथेच भूगोलाची सुरुवात होते. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१पासून काढते आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एक अंक आठवडाभर पुरतो. निवडक उताऱ्यांसाठी माधुरी पुरंदऱ्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’चे बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत. त्यांत मोठ्या लेखकांची खरी मराठी न सोपी करता, पण बेताच्या तुकड्यांत येते. धाकट्यासाठी बालगट, मुलीसाठीही आधी बालगटच, फक्त तिला तसं न सांगता.

वाचून दाखवायला ‘श्यामची आई’ या वयाला योग्य आहे, आणि त्याची रचना तुमच्या कामाची आहे. पुस्तक प्रकरणांऐवजी ‘रात्रीं’मध्ये विभागलेलं आहे, एकूण ४२, आणि श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो. म्हणजे सांगण्याचं उत्तम उदाहरणच मुलांपुढे येतं. आठवड्याला तीन रात्री धरल्या तर साडेतीन महिन्यांत पूर्ण होतं. एक सावधगिरी मात्र घ्या. त्यातली शिवाशिव, सोवळं, गरिबीतली लाज यांवर मुलं प्रश्न विचारतील. ते टाळू नका. पुस्तक थांबवून तेवढा वेळ बोला. आणि हे पुस्तक ‘आईचं ऐकावं’ एवढ्यासाठी वापरू नका, मुलांना ते लगेच कळतं.

कविता आठवड्याला एक, पाठ. बहिणाबाईंची गाणी आधी ऐकवा, मगच छापील पान दाखवा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ती गाणी जन्मलीच तोंडात. खानदेशातली ती बोली पुण्याच्या मुलांना वाचताना परकी वाटते, ऐकताना नाही.

शुद्धलेखनाबद्दल थोडं तपशिलाने सांगते, कारण साहित्यातून शिकवणाऱ्या घरांत इथे एक चूक फार होते. पद्धत सोपी आहे: सोमवारी पुस्तकातल्या चार ओळी निवडायच्या, दोन दिवस त्या नीट पाहून उतरवायच्या, गुरुवारी तुम्ही सांगायच्या आणि तिने लिहायच्या. दर आठवड्याला एकच नियम धरायचा. एकदा मूल–मुलाला, फूल–फुलाला, गरीब–गरिबी. पुढच्या आठवड्यात कवी पण कविराज, गुरू पण गुरुदक्षिणा. चूक होते ती अशी: रद्दीतून किंवा ग्रंथालयातून आणलेली जुनी आवृत्ती उतरवायला दिली जाते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार भरलेले असतात. वाचायला ती पुस्तकं जरूर द्या, मुलांना त्या टिंबांची गंमत वाटते, पण उतरवायला नवीन आवृत्तीच घ्या. नाहीतर मूल सहा महिने मन लावून चुकीचं लिहायला शिकतं आणि ते काढायला वर्ष जातं.

एका पुस्तकातून बाकीचे विषय कसे उघडतात, त्याचं एकच उदाहरण सविस्तर देते, म्हणजे बाकीचं तुम्हाला रचता येईल. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ घ्या. गुलामाच्या पोटी जन्मलेला मुलगा शेतीशास्त्रज्ञ होतो त्याची ही जीवनकथा. अकरा वर्षांच्या मुलीला मराठीतून स्वतः वाचायला थोडी जड जाईल, म्हणून पहिली काही प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, पुढे ती स्वतःच ओढून नेते. साधारण सहा आठवडे धरा. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमीन निकस झाली होती आणि कार्व्हरने शेतकऱ्यांना फेरपालटीत भुईमूग घ्यायला सांगितलं. इथे पुस्तक बाजूला ठेवा आणि कुंडी घ्या.

मंडईतून सालासकट कच्चे शेंगदाणे आणा. भाजलेले किंवा खारवलेले उगवणार नाहीत, आणि लाल पापुद्रा निघालेले दाणे बरेचदा कुजतात. बारा इंची कुंडी, तळाला भोकं, दोन इंच अंतरावर चार-पाच दाणे, साधारण दीड ते दोन इंच खोल. जूनच्या पहिल्या सरीनंतर लावलेत तर उत्तम. उगवल्यावर तीन रोपं ठेवा. दीड महिन्याने एक रोप मुळांसकट अलगद उपटा, पाण्यात धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवण्याचं काम करताहेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाहीत.

गाठी मुळीच आल्या नाहीत असंही होतं, आणि कारण जवळजवळ नेहमी माती असते. नर्सरीतलं कोकोपीट किंवा पिशवीतली तयार माती घेतली की त्यात ते जिवाणूच नसतात. हडपसर, उरुळी, सासवड अशा बाजूला ओळखीचं शेत असेल तर भुईमूग किंवा चवळी घेतलेल्या जमिनीतली दोन ओंजळ माती कुंडीत मिसळा. शेणखत किंवा युरिया जास्त झालं तरी गाठी कमी येतात, कारण आयता नायट्रोजन मिळाला की झाड जिवाणूंना थारा देत नाही. शक्य असेल तर दोन कुंड्या करा, एक शेतातल्या मातीची, एक नुसत्या कोकोपीटची. उरलेली रोपं तशीच ठेवा. फुलं वर येतात, मग देठ वाकून जमिनीत शिरतो आणि शेंग मातीत धरते. शेंगा मुळांना लागतात असं मोठ्यांनाही वाटत असतं, ती समजूत मुलीने स्वतः मोडू द्या.

आता पाहा काय काय झालं: जीवशास्त्र, थोडं रसायन, अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास, जगाच्या नकाशावर कापसाचा पट्टा, आपल्याकडची पिकांची फेरपालट. आणि लेखी सांगणं म्हणून ‘दोन कुंड्या’ यावर एक पान. हे सगळं एकाच पुस्तकाच्या दोऱ्याला बांधलेलं असल्यामुळे लक्षात राहतं. पण प्रत्येक पुस्तकाचं असं करू नका! वर्षाला चार-पाच पुस्तकं अशी खोलात, बाकीची नुसती वाचायची आणि सांगायची. प्रत्येक गोष्टीमागे प्रकल्प लागला की मुलं गोष्टीलाच घाबरतात.

तेराव्या वर्षाच्या सुमारास ‘बनगरवाडी’ अशीच खोलात घेण्याजोगी आहे. औंध संस्थानातला तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत शाळा चालवायला जातो आणि शेवटी दुष्काळ वस्ती उठवतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि ही वस्ती ज्या भागात आहे त्या माणदेशात जेमतेम ५००, हा पर्जन्यछायेचा धडा पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो. त्या दोन ओळींचा अर्थ काय ते ही कादंबरी सांगते.

इतिहासाबद्दल एक ठाम मत. मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर आहेत आणि त्या मुलांना धरून ठेवतात, पण कादंबरीतला संवाद हा लेखकाने रचलेला असतो. मुलीच्या वहीत दोन रकाने करा: ‘लेखकाने कल्पिलेलं’ आणि ‘कागदपत्रांत सापडणारं’. सोबत त्या काळातला एखादा खरा मजकूर ठेवा. पुण्यात राहून हे करणं फार सोपं आहे. फुल्यांनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली ती भिडेवाड्याची जागा बुधवार पेठेत, त्यांचं राहतं घर गंज पेठेत. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. तो लहानसाच आहे. एका शाळकरी मुलीने इतक्या धारदार मराठीत लिहिलेलं वाचून तुमची मुलगी मराठीकडे वेगळ्या नजरेने पाहील. मग एका सकाळी दोन्ही ठिकाणी चालत जा.

पुस्तकं सगळी विकत घ्यायची गरज नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११पासून. सभासदत्व घेताना बालविभाग आहे का, एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि किती दिवस ठेवता येतात ते विचारा. दोन मुलांसाठी एका वेळी किमान चार लागतात. खोलात घ्यायची पुस्तकं तेवढी विकत घ्या, कारण त्यांत पेन्सिलने खुणा कराव्या लागतात. विज्ञानासाठी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका तुमच्या शहरात आहे. तिथल्या कार्यक्रमांची चौकशी आधी फोनवर करून मगच जा.

गणित साहित्यातून शिकवता येत नाही. गणिताच्या गोष्टींची पुस्तकं गोडी लावतात, कौशल्य देत नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. तीच क्रमाने घ्या, रोज ठरलेल्या वेळी, एकही दिवस न चुकवता. साहित्यातून शिकलेली मुलं पुढे अडतात ती भाषेत क्वचित, अपूर्णांकांत आणि बीजगणितात नेहमी. म्हणून दिवसाची सुरुवात गणिताने करा: मुलाला २० मिनिटं, मुलीला ४५.

बाकीचा दिवस सैल ठेवला तरी चालतो. मुलाचे एकूण दोन तास पुरेत, एकही बैठक वीस मिनिटांहून लांबवू नका. मुलीचे साडेतीन ते चार तास. वाचून दाखवणं दोघांना एकत्र, शक्यतो रोज एकाच वेळी, दुपारच्या जेवणानंतर किंवा रात्री. संध्याकाळ घराबाहेर, इतर मुलांबरोबर. मैदान, नाट्यवर्ग, काहीही चालेल, पण आठवड्यातून किमान चार दिवस. घरी शिकणाऱ्या मुलांना माणसं कमी पडतात, आणि तो तुटवडा पुस्तक भरून काढत नाही.

आता दहावी आणि कायदा. २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं तो म्हणतो, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. घरशिक्षणाची वेगळी तरतूद त्यात नाही. त्याच कायद्यानुसार मूल परत आलं तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा, म्हणजे चौदापर्यंत परतीची वाट बऱ्याच अंशी उघडी आहे. पुढे दोन रस्ते. एक, राज्य मंडळाची दहावी बाहेरून, ज्याला सगळे ‘१७ नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरायचा असतो, म्हणून मुलीचा मूळ दाखला आणि पाचवीचं प्रगतिपत्रक आजच जपून ठेवा. दुसरा, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला नोंदणी, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. विषय एकेक करून देता येतात, त्यामुळे घरी शिकणारी बरीच मुलं हा रस्ता घेतात. दोन्हींच्या अटी बदलत असतात, त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

सांगायला शिकलेलं मूल आपोआप पेपर लिहू शकतं हा गैरसमज आहे. राज्य मंडळाची मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, तीन तासांत ८० गुणांची असते. त्यात स्वमत, रसग्रहण, पत्रासारखं उपयोजित लेखन येतं. तुमच्या मुलीला मत मांडता येईल, पण ते आठ-दहा ओळींत, वेळेत आणि वाचता येईल अशा अक्षरात मांडायची सवय वेगळी लावावी लागेल. तेराव्या वर्षापासून आठवड्याला एक तास घड्याळ लावून लिहिणं, परीक्षेच्या वर्षी दर पंधरवड्याला पूर्ण तीन तासांचा एक पेपर. याआधी ही सवय लावू नका, नाहीतर सगळं वाचन पेपरसाठी होऊन बसेल.

आणि जूनचा निर्णय आत्ताच घेऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे हे सगळं करून पाहा, दाखला न काढता. पहिल्या आठवड्यात दोघांचं एकेक सांगणं रेकॉर्ड करा, सहाव्यात पुन्हा एकेक. दोन्ही लागोपाठ ऐका. वाक्यं लांबली आहेत का, ‘मग’ आणि ‘आणि’च्या जागी ‘कारण’ आणि ‘तरीही’ यायला लागलं आहे का, मुलगी मराठी पुस्तक आपणहून उचलते का? आणि रोजचे तीन तास तुम्हाला खरोखर मिळाले का, तेही कॅलेंडरवर खुणा करून पाहा. चारपैकी तीन गोष्टींचं उत्तर हो असेल तर दाखल्यासाठी अर्ज करा. नसेल तर शाळा चालू ठेवून रात्रीचं वाचून दाखवणं आणि रोजचं दहा मिनिटांचं सांगणं तेवढं सोडू नका, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहता येईल.